शेअर महाग की स्वस्त?

नववीच्या वर्गात एकदा मी फळ्यावर दोन आकडे लिहिले. एका कंपनीचा शेअर ४० रुपयांना मिळतो आणि दुसरीचा ४,००० रुपयांना. मग वर्गाला विचारले, "यांतला महाग शेअर कोणता?" सर्वांनी एका सुरात दुसऱ्या आकड्याकडे बोट दाखवले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने मात्र हात वर केला आणि विचारले, "सर, पण एक शेअर म्हणजे किती?"

प्रश्न अगदी नेमका होता. मंगळवार बाजारात आपण कांदे किलोने घेतो, चाटी गल्लीत कापड मीटरने घेतो. एकीकडे भाव जास्त वाटला तर दुसऱ्या दुकानात जातो, कारण किलो सगळीकडे सारखाच असतो. शेअरचे तसे नाही. शेअरला वजन नाही, लांबी नाही. मग तो महाग आहे की स्वस्त, हे ठरवायचे कसे? आज आपण हेच पाहणार आहोत.

आधी शेअर म्हणजे काय ते समजून घेऊ. शेअर म्हणजे कंपनीतला हिस्सा. हिस्सा हा शब्द तुम्हांला शिकवावा लागणार नाही, तो तुमच्या घरातलाच आहे. नफा, तोटा नाही तरी मुनाफा, हिशेब, जमा, खर्च, बाजार, कर्ज हे शब्दही तुम्ही रोज ऐकता. व्यापाराची मराठी आणि तुमची उर्दू यांची ओळख फार जुनी आहे. म्हणून हा पाठ तुम्हांला वाटतो तेवढा अवघड जाणार नाही. ज्याच्याजवळ शेअर असतो त्याला मराठीत 'भागधारक' म्हणतात आणि कंपनी आपल्या नफ्यातला जो वाटा भागधारकांना रोख देते त्याला 'लाभांश' म्हणतात. हे दोन शब्द तेवढे लक्षात ठेवा.

सोलापूरला शेअर हा प्रकार नवा नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी 'जुनी गिरणी' हे नाव तुम्ही ऐकले असेल. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी हे तिचे खरे नाव. ही गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली आणि ती भागधारकांच्या पैशांवर उभी होती. ऑगस्ट १९४९ मध्ये गिरणी बंद पडली, हजारो कामगारांच्या हातचे काम गेले. जानेवारी १९५० मध्ये सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार आपल्या हाती घेतला. त्यावर कंपनीचा एक भागधारक थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. 'माझ्या मालमत्तेवर घाला घातला गेला आहे', असे त्याचे म्हणणे होते. डिसेंबर १९५० मध्ये तो दावा हरला; पण १९५३ मध्ये दुसऱ्या एका भागधारकाने हाच प्रश्न नव्याने नेला आणि तो जिंकला. कायद्याचे विद्यार्थी हे दोन्ही निकाल आजही अभ्यासतात. सांगायचे इतकेच की शेअर हा नुसता कागद नाही. त्याच्यामागे कुठेतरी यंत्रे असतात, कामगार असतात, नफा-तोटा असतो.

आता भावाकडे वळू. समजा, अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलचा एक लहान कारखाना आहे. सुताचा खर्च, विणकरांची आणि कांडी भरणाऱ्या बायकांची मजुरी, वीजबिल, कर, सगळे वजा जाता मालकाला वर्षाला ४ लाख रुपये नफा उरतो. मालकाला कारखाना विकायचा आहे आणि तो ४० लाख रुपये मागतो. घेणारा मनात काय हिशेब करील? "वर्षाला चार लाख मिळतात, मागतो चाळीस लाख. म्हणजे दहा वर्षांच्या नफ्याइतकी किंमत झाली." हा जो 'दहा' आला, तेच आपले गुणोत्तर. त्याला 'किंमत-उत्पन्न गुणोत्तर' असे म्हणतात. वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांवर त्याचे लघुरूप 'पी-ई' असे छापलेले दिसेल. व्यापारी मंडळी सरळ 'किती पट' असे विचारतात. आपणही 'पट' हाच सुटसुटीत शब्द वापरू.

या कारखान्याचे १,००० समान शेअर केले तर प्रत्येक शेअरची किंमत ४,००० रुपये होईल आणि प्रत्येक शेअरच्या वाट्याला ४०० रुपये नफा येईल. ४,००० भागिले ४००, उत्तर पुन्हा १०.

शेजारी दुसरा कारखाना आहे. त्याचीही एकूण किंमत ४० लाखच आहे. पण त्याचे शेअर एक लाख आहेत. म्हणजे एक शेअर ४० रुपयांचा. मात्र या कारखान्याचा वर्षाचा नफा फक्त एक लाख आहे, म्हणजे शेअरमागे एक रुपया. ४० भागिले १, उत्तर ४०. वर्गाने ज्याला स्वस्त म्हटले होते तो चाळीस रुपयांचा शेअर नफ्याच्या चाळीस पट भावाने विकला जातो आहे आणि चार हजारांचा शेअर अवघ्या दहा पटीने! मागच्या बाकावरच्या मुलीचा प्रश्न किती मोलाचा होता ते आता कळले ना?

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. 'दहा पट' याचा अर्थ दहा वर्षांत तुमचे पैसे हातात परत येतील असा नाही. कंपनी सगळा नफा वाटून टाकत नाही. काही भाग लाभांश म्हणून देते आणि बाकीचा धंद्यात घालते. नवे यंत्र घेते, जुने कर्ज फेडते. शिवाय पुढच्या वर्षी नफा तेवढाच राहील हे कोणी लिहून दिलेले नाही. पट हे एक माप आहे, वचन नव्हे.

असेच माप आपण घराबाबतही लावू शकतो. एखादे घर ३० लाखांचे आहे आणि त्याचे भाडे महिना ८,००० रुपये येते, असे धरा. वर्षाचे झाले ९६,०००. म्हणजे घर भाड्याच्या सुमारे ३१ पट किमतीचे. घर घेताना असा हिशेब कोणी करत नाही हे खरे; तिथे आपण शेजार, पाणी आणि शाळा पाहतो.

आता खरा विषय. हे गुणोत्तर एका दिवसाचे पाहून फारसे काही कळत नाही. ते वर्षानुवर्षे कसे बदलत गेले हे पाहावे लागते. गणिताच्या तासाला तुम्ही अंश आणि छेद शिकलात. इथे शेअरचा भाव हा अंश आणि शेअरमागचा नफा हा छेद. अंश रोज हलतो, बाजार चालू असताना तर क्षणाक्षणाला हलतो. छेद मात्र तीन महिन्यांतून एकदा, कंपनीने आपला हिशेब जाहीर केला की बदलतो. एक पाय सारखा नाचणारा आणि दुसरा सावकाश उचलणारा. अशा दोन पायांवर हे गुणोत्तर चालते.

यासाठी आपण आपल्या शेजारचेच उदाहरण घेऊ. सोलापूरहून तुळजापूरला जाताना वाटेत तामलवाडी लागते. तिथे बालाजी अमाइन्स या कंपनीचा रसायनांचा कारखाना आहे. सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीतही तिचे कारखाने आहेत. कंपनी १९८८ मध्ये स्थापन झाली. होटगी रस्त्यावरचे मोठे हॉटेल तुम्ही बाहेरून पाहिले असेल, तेही याच कंपनीचे. अमाइन ही अमोनियापासून बनणारी रसायने आहेत. औषधे, कीटकनाशके, रंग अशा अनेक वस्तूंच्या निर्मितीत ती लागतात. मधुमेहाचे रुग्ण मेटफॉर्मिन नावाची गोळी घेतात. ती गोळी बनवण्यासाठी लागणारे एक रसायन ही कंपनी तयार करते.

या कंपनीचे एकूण शेअर सुमारे ३ कोटी २४ लाख आहेत. हा आकडा लक्षात ठेवा, भागाकाराला तो लागेल.

२०१९-२० या वर्षी कंपनीचा नफा शंभर कोटी रुपयांहून थोडा जास्त होता, म्हणजे शेअरमागे सुमारे ३२ रुपये. मार्च २०२० मध्ये कोरोनाची साथ आली, टाळेबंदी झाली आणि देशभरचा शेअरबाजार कोसळला. बालाजी अमाइन्सचा भावही अडीचशे रुपयांच्या खाली गेला. हिशेबासाठी आपण २४० धरू. २४० भागिले ३२, म्हणजे साडेसात पट. टॉवेलच्या कारखान्याला आपण दहा पट दिली होती, इथे त्याहून कमी! लोक घाबरलेले होते. उद्या कारखाने चालतील की नाही, हेच कोणाला ठाऊक नव्हते.

पुढे घडले ते वेगळेच. जगभर मालाची ने-आण विस्कळीत झाली, परदेशातून येणारी रसायने अपुरी पडू लागली, औषध कंपन्यांची मागणी वाढली आणि अमाइनचे भाव चढले. २०२०-२१ मध्ये कंपनीचा नफा सुमारे २३८ कोटींवर गेला. शेअरमागे झाले साधारण साडेत्र्याहत्तर रुपये. आणि शेअरचा भाव? २०२१ च्या पावसाळ्याच्या अखेरीस तो पाच हजार रुपयांच्या वर गेला होता. ५,००० भागिले ७३.५ करून पाहा. अडुसष्ट! (त्या वेळी वर्तमानपत्रांत हा आकडा याहून कमी दिसत असे, कारण ती लगेच मागच्या चार तिमाह्यांचा नफा धरतात आणि तो तोवर आणखी वाढला होता. छेद कोणता धरला आहे हे म्हणूनच आधी पाहावे लागते.)

दीड वर्षात भाव सुमारे वीस पट झाला. हे वाचून कोणाचेही डोळे दिपतील. पण आपण गणिताने पाहू. नफा किती पट झाला? ३२ वरून ७३.५, म्हणजे सव्वादोन पटीहून थोडा जास्त. मग वीस पट भाव कुठून आला? साडेसातवरून अडुसष्ट, म्हणजे गुणोत्तरच नऊ पट झाले. सव्वादोन आणि नऊ यांचा गुणाकार करा, वीसच्या आसपास येईल. भाव वाढला त्यात कारखान्याची कामगिरी सव्वादोन पट होती. उरलेली नऊ पट लोकांच्या मनात होती. कारखान्यात जे घडले ते खरेच मोठे होते, यात शंका नाही. पण बाजाराने त्याच्याही कितीतरी पुढची स्वप्ने आजच विकत घेतली होती.

पुढच्या वर्षी, २०२१-२२ मध्ये, नफा आणखी वाढला. भागधारकांच्या वाट्याचा नफा सुमारे ३६८ कोटी झाला, शेअरमागे ११३ रुपयांच्या वर. कंपनीसाठी ते वर्ष उत्तम गेले. तरीही मार्च २०२२ च्या सुमारास भाव तीन हजारांच्या आसपास उतरला होता. पट राहिली सव्वीस-सत्तावीस. नफा वाढला आणि भाव उतरला! भाव चढताना लोकांनी जी अपेक्षा धरली होती तिच्यापुढे दीडपट नफाही तोकडा पडला.

आता सर्वांत गंमतीचा भाग येतो, इथे सावकाश वाचा. त्यानंतर परिस्थिती पालटली. परदेशातून स्वस्त माल येऊ लागला, ग्राहकांकडे साठे पडून होते, रसायनांचे भाव घसरले. २०२३-२४ मध्ये नफा सुमारे २०५ कोटींवर आला. शेअरमागे झाले ६३ रुपये. मार्च २०२४ च्या सुमारास भाव दोन हजारांच्या आसपास होता. २,००० भागिले ६३, उत्तर येते बत्तीसच्या जवळ. म्हणजे दोन वर्षांत भाव तीन हजारांवरून दोन हजारांवर आला, तरी गुणोत्तर मात्र सत्तावीसवरून बत्तीसवर चढले. शेअर उतरला आणि तरीही महाग झाला. कारण अंश कमी झाला खरा, पण छेद त्याहून जोरात कमी झाला.

एखादा मनुष्य म्हणेल, "पाच हजारांचा शेअर दोन हजारांना मिळतो आहे, केवढा स्वस्त!" आपण पाच हजारांशी तुलना करायची की त्रेसष्ट रुपयांशी, हे ज्याचे त्याने ठरवावे. हे वाचून कोणी हा शेअर घ्यावा किंवा विकावा, असे मात्र मला सुचवायचे नाही. कंपनी आपल्या गावाजवळची आहे आणि तिचे आकडे बोलके आहेत, म्हणून मी ती निवडली.

असाच एक मोठा दाखला इन्फोसिस कंपनीचा आहे. ही कंपनी आज बंगळुरूची म्हणून ओळखली जाते, पण तिचा जन्म १९८१ मध्ये पुण्यात झाला. मार्च २००० मध्ये संगणक कंपन्यांच्या शेअरांचे वेड जगभर पसरले होते. त्या वर्षी इन्फोसिसचा नफा २९३ कोटी होता, शेअरमागे ४४ रुपयांच्या आसपास. महिन्याच्या अखेरीस भाव सुमारे नऊ हजार होता. पट झाली दोनशे! दोनशे वर्षांच्या नफ्याइतकी किंमत लोक आनंदाने मोजत होते. तीन वर्षांनी, २००२-०३ मध्ये, कंपनीचा नफा ९५८ कोटी झाला, तिपटीहून जास्त. कंपनीने कुठेही कसूर केली नव्हती. तरी मार्च २००३ मध्ये भाव चार हजारांच्या आसपास होता आणि पट होती अठ्ठावीस. ज्याने नऊ हजारांना शेअर घेतला त्याला आपले मुद्दल पुन्हा दिसायला सुमारे पाच वर्षे थांबावे लागले. कंपनी चांगली असणे आणि तिचा शेअर त्या भावाला घेणे चांगले असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

२००४ मध्ये याच कंपनीने प्रत्येक शेअरमागे तीन शेअर बक्षीस दिले. एकाचे चार झाले, साहजिकच भाव चौथाईवर आला. ज्याला हे ठाऊक नसेल तो म्हणेल, भाव कोसळला. पण शेअरमागचा नफाही चौथाईच झाला, त्यामुळे पट होती तेवढीच राहिली. एका भाकरीचे चार तुकडे केले म्हणून भाकरी वाढत नाही आणि घटतही नाही.

छेद शून्य असला तर काय? गणितात शून्याने भागता येत नाही, इथेही तसेच. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले आणि इंग्लंडला तिकडून कापूस मिळेना. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशातून नवनव्या कंपन्या निघाल्या. समुद्र हटवून जमीन तयार करणारी बॅकबे कंपनी त्यांतलीच. तिच्या पाच हजारांच्या शेअरला पन्नास हजारांच्या आसपास भाव आला होता. त्या जमिनीतून नफा किती? काहीच नाही, जमीनच अजून पाण्यात होती! १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस उतरला आणि मुंबईतली कितीतरी घराणी धुळीला मिळाली. तोट्यातल्या कंपनीचेही असेच. तिथे भागाकार करून येणाऱ्या उणे आकड्याला अर्थ नसतो. वर्तमानपत्रात त्या रकान्यात नुसती आडवी रेघ असते.

एका कंपनीचेच काय, सगळ्या बाजाराचेही गुणोत्तर काढतात. निफ्टी या निर्देशांकात पन्नास मोठ्या कंपन्या आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये निफ्टीची पट चाळीसच्या वर गेली होती. याचे एक कारण म्हणजे टाळेबंदीच्या काळातला घटलेला नफा छेदात बसला होता आणि भाव मात्र पुढचे चांगले दिवस पाहून चढले होते. मार्च २०२१ च्या अखेरीस हा आकडा एकदम तेहतीसच्या आसपास आला. बाजार कोसळला का? मुळीच नाही. राष्ट्रीय शेअरबाजाराने मोजण्याची रीत बदलली. आधी फक्त मुख्य कंपनीचा नफा धरत असत, तेव्हापासून उपकंपन्यांसह एकत्रित नफा धरू लागले. म्हणून २०२१ च्या आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी शेजारी मांडून कोणी निष्कर्ष काढू लागला, तर आधी फूटपट्टी तीच आहे का ते विचारावे.

इथवर जास्त पट असलेल्या शेअरांचे धोके सांगितले. मग कमी पटीचा शेअर डोळे मिटून घ्यावा का? याचे उत्तर मला पुस्तकातून मिळाले नाही. ते मी पैसे घालवून शिकलो.

मी तेव्हा बी.एड. होऊन नुकताच नोकरीत कायम झालो होतो. हाती पहिल्यांदा पूर्ण पगार येऊ लागला होता. गणोत्तराचा हा हिशेब मी नवानवाच शिकलो होतो आणि माझ्या अंगात त्याचा मोठा ताठा होता. एक लहान कंपनी माझ्या नजरेला पडली. भाव ६० रुपये, शेअरमागे नफा १५ रुपये. चार पट! त्याच धंद्यातल्या इतर कंपन्या पंधरा पटीच्या आसपास होत्या. मला वाटले, एवढी सोपी गोष्ट इतरांना कशी दिसत नाही? मी ३०० शेअर घेतले. अठरा हजार रुपये झाले. ती रक्कम धाकट्या बहिणीच्या अध्यापक विद्यालयाच्या फीसाठी बाजूला ठेवलेली होती. फी भरायला चार महिने होते. तोवर दुप्पट होतील, असा माझा अंदाज.

घरी अब्बांना सांगितले. अब्बा टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. यंत्रमागाचा आवाज ऐकून कोणता भाग बिघडला ते सांगणारा मनुष्य. शेअरबाजाराशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. त्यांनी माझे सगळे गणित शांतपणे ऐकले आणि एवढेच विचारले, "बेटा, गेल्या वर्षी त्यांनी कापड जास्त विकलं की काही दुसरंच विकलं?"

मला उत्तर देता आले नाही. त्या रात्री मी कंपनीचा वार्षिक अहवाल पहिल्यांदा पूर्ण वाचला. आतल्या पानांवर लहान अक्षरांत लिहिले होते की कंपनीने त्या वर्षी आपला एक जुना भूखंड विकला. पंधरा रुपयांच्या नफ्यातले साडेबारा रुपये जमिनीचे होते. धंद्याचा खरा नफा होता अडीच रुपये. साठ भागिले अडीच, म्हणजे चोवीस पट. मी चार पटीचा समजून चोवीस पटीचा शेअर घेतला होता. जमीन एकदाच विकता येते, हे अब्बांना न वाचता कळले होते, कारण त्यांनी असे कारखानदार पाहिले होते.

पुढच्या वर्षी शेअरमागचा नफा दोन रुपयांवर आला आणि भाव २८ वर. कंपनीने काही लपवले नव्हते. लिहिलेले मी वाचले नव्हते. बहिणीची फी वेळेवर भरली गेली, ती अब्बांनी चार महिने दुपाळी काम करून. त्याबद्दल ते मला एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते, असे मला अजून वाटते.

तेव्हापासून मी एक जुनी वही ठेवली आहे. वहीत प्रत्येक कंपनीसाठी एक पान आणि पानावर चार रकाने: वर्ष, भाव, शेअरमागे नफा, पट. पाचवा रकाना नंतर वाढवला. त्यात नफा कुठून आला ते एका ओळीत लिहितो. 'माल जास्त खपला', 'कच्चा माल स्वस्त झाला', 'जमीन विकली', 'करात सूट मिळाली', असे. निदान सात-आठ वर्षांच्या ओळी भरल्याशिवाय मी कोणत्याही पटीला स्वस्त किंवा महाग म्हणत नाही. साखर, पोलाद, रसायने अशा धंद्यांत नफा कधी भरतीला असतो, कधी ओहोटीला. भरतीच्या वर्षी छेद फुगतो आणि पट लहान दिसते. नेमका तेव्हाच शेअर महाग असू शकतो. ओहोटीच्या वर्षी पट भलीमोठी दिसते आणि कोणी त्याकडे पाहत नाही. आपल्या जिल्ह्यात इतके साखर कारखाने आहेत, ऊस अमाप झाला की काय होते आणि पाऊस चुकला की काय होते, हे तुम्हांला मी सांगायला नको.

तुम्हीही अशी वही करू शकता. त्यासाठी शेअर विकत घेण्याची गरज नाही आणि तुमच्या वयात ते करूही नये. एक कंपनी निवडा, जिचा माल तुमच्या घरात येतो किंवा जिचा कारखाना तुमच्या वाटेवर आहे. कंपन्यांचे वार्षिक हिशेब साधारण मे महिन्यापर्यंत जाहीर होतात. नफ्याला शेअरांच्या संख्येने भागा, मार्च अखेरच्या भावाला आलेल्या उत्तराने भागा आणि पाचवा रकाना रिकामा सोडू नका. माझ्या वर्गातल्या त्या मुलीने बालाजी अमाइन्सचे पान केले आहे. तिचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे आणि तिने माझा एक भागाकारही दुरुस्त केला.

ते तीनशे शेअर अजून माझ्या खात्यावर आहेत. विकावेसे वाटले नाहीत. बहीण आता शिक्षिका आहे. दरवर्षी मे महिन्यात मी अहवाल उघडून बसलो की अब्बा चहाचा कप घेऊन शेजारी येतात, चष्मा सावरतात आणि विचारतात, "काय, यंदा काय विकलं त्यांनी?"